तारण काय ठेवावे? : दादासाहेब फाळके यांच्या भांडवलाची हकीगत

गेल्या वर्षीच्या वार्षिक साधारण सभेत एक प्रश्न निघाला आणि तो तसाच अर्धवट राहिला, हे उपस्थित सभासदांस स्मरत असेलच. ज्ञातीच्या निधीतून विद्यार्थ्यांस शिष्यवृत्त्या देण्यात येतात, आजारपणास मदत मिळते, क्वचित लग्नकार्यासही उसनवार रक्कम दिली जाते. मग एखाद्या तरुणाने स्वतंत्र धंदा काढण्याचे मनात आणल्यास त्यास कर्ज का देऊ नये, असा तो प्रश्न होता. त्यावर एका वयोवृद्ध सभासदांनी उत्तर दिले की, शिक्षणास दिलेला पैसा बुडत नाही आणि धंद्यास दिलेला हटकून बुडतो. टाळ्या पडल्या. वेळ संपत आला होता, भोजनाची सूचना झाली, आणि ठराव पुढील सभेवर गेला. त्या सभेपूर्वी ह्या विषयावर काहीतरी लिहावे असे चिटणिसांनी आम्हांस सुचविले. त्या सूचनेचे हे फळ होय.

स्मरणिकेच्या प्रथेप्रमाणे आपल्याच ज्ञातीतील एखाद्या यशस्वी पुरुषाचे चरित्र येथे द्यावयास हवे होते. तसे आम्ही केलेले नाही. यशस्वी पुरुषांची चरित्रे शेवटाकडून आरंभाकडे लिहिली जातात, आणि त्यामुळे वाटेत ज्यांनी पैसा दिला ते सर्व दूरदृष्टीचे व ज्यांनी दिला नाही ते सर्व करंटे ठरतात. आम्हांस हवे होते ते अशा माणसाचे उदाहरण, की जो अनेकवार बुडाला, एकदा विलक्षण यशस्वी झाला आणि पुन्हा बुडाला. आणि ज्याच्या प्रत्येक रुपयाचा उगम बऱ्याच अंशी सांगता येतो. धुंडिराज गोविंद फाळके हे ते उदाहरण. ते आपल्या ज्ञातीचे नव्हते, ह्याबद्दल वाचक क्षमा करतील.

भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून दादासाहेबांचे नाव आज शाळकरी मुलासही ठाऊक आहे. १९६९ पासून त्यांच्या नावाने केंद्र सरकार चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार देत आहे, आणि २००९ साली ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ ह्या मराठी चित्रपटाने त्यांच्या धडपडीची गंमतीदार कथा घरोघर पोचविली. परंतु १९११ साली, म्हणजे ज्या वर्षी त्यांच्या डोक्यात चित्रपटाचे वेड शिरले त्या वर्षी, कोणत्याही समंजस सावकाराने त्यांच्याकडे पाहिले असते तर त्यास काय दिसले असते? चाळिशी ओलांडलेला, पदरी मुले असलेला आणि एकही धंदा शेवटास न नेलेला एक गृहस्थ.

त्र्यंबकेश्वर येथे ३० एप्रिल १८७० रोजी त्यांचा जन्म झाला. वडील संस्कृतचे शास्त्री. घरात पौरोहित्य व विद्या यांचा वारसा. मुलाने १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला, पुढे बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण, मुद्रण व इतर अनेक कला हस्तगत केल्या. प्राचार्य गज्जर यांनी तेथील छायाचित्रणाची सामग्री त्यांस मोकळेपणाने वापरू दिली, ही एका अर्थाने त्यांस मिळालेली पहिली मदत. तीस ना व्याज होते, ना मुदत. त्यानंतर गोध्रा येथे छायाचित्रकाराचा धंदा काढला, तो प्लेगच्या दिवसांत मोडला. पहिली पत्नी व मूलही ह्याच काळात गेले. छायाचित्र काढल्याने आयुष्य घटते अशी लोकांची समजूत असल्यामुळे गिऱ्हाईक फिरकत नसे, असेही सांगतात. १९०३ साली पुरातत्त्व खात्यात नोकरी लागली. पगाराची नोकरी, सरकारी, पेन्शनची! आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबांनी अशा नोकरीसाठी कुलदैवतास नवस केले असतील. फाळक्यांनी ती स्वदेशी चळवळीच्या लाटेत सोडली आणि लोणावळ्यास मुद्रण व ब्लॉक तयार करण्याचा कारखाना काढला. तो पुढे दादरला आला, त्यात भागीदार आले, १९०९ साली ते रंगीत छपाईची यंत्रे पाहण्यास जर्मनीस जाऊन आले, कामाची वाहवा झाली आणि भागीदारांशी मतभेदही झाले. फाळके बाहेर पडले ते जवळजवळ रिकाम्या हाताने. स्वतःच्या कसबावर उभा केलेला कारखाना दुसऱ्यांच्या हाती ठेवून त्यांस घरी बसावे लागले.

येथपर्यंतची हकीगत आम्ही मुद्दाम घाईने सांगितली. सावकाराच्या वहीत ती अशीच, दोन ओळींत, लिहिली गेली असती.

ह्याच सुमारास गिरगावातील एका तंबूवजा चित्रगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त पाहत असता आपल्या मनःचक्षूंपुढे श्रीकृष्ण, रामचंद्र, गोकुळ व अयोध्या दिसू लागली, असे पुढे त्यांनी स्वतःच ‘नवयुग’ मासिकात नमूद केले आहे. त्यानंतरचे कित्येक महिने त्यांनी चित्रपट पाहण्यात, सूचीपत्रे मागविण्यात आणि एका लहानशा यंत्रावर प्रयोग करण्यात घालविले. झोप कमी आणि डोळ्यांवर ताण इतका की दृष्टीच गेली. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी ती परत आली. उत्पन्न तर काहीच नव्हते. शेजारीपाजारी व आप्त काय म्हणत असतील हे सांगण्यास इतिहासकाराची गरज नाही.

आता पैशाकडे वळू. विलायतेस जाऊन हे तंत्र शिकावयाचे आणि यंत्रसामग्री आणावयाची, ह्यासाठी रक्कम हवी होती. फाळक्यांपाशी घर नव्हते, जमीन नव्हती, कारखाना गेलेला होता. होत्या त्या आयुर्विम्याच्या बारा हजार रुपयांच्या पॉलिसी. यशवंतराव नाडकर्णी आदी स्नेह्यांच्या खटपटीने त्या तारण ठेवून दहा हजार रुपये उभे राहिले.

ह्या व्यवहाराचा अर्थ क्षणभर थांबून पाहण्यासारखा आहे. आयुर्विमा हा माणूस आपल्या पश्चात बायकामुलांची उपासमार होऊ नये म्हणून उतरवितो. ती पॉलिसी तारण दिली म्हणजे धंदा बुडाला आणि धनीही गेला, तर रक्कम धनकोच्या हाती जावयाची. बारा हजारांच्या कागदावर दहा हजार देताना तारणाच्या दृष्टीने चित्रपट चालतो की पडतो ह्याचा विचार करण्याचे कारणच नव्हते. ऋणको हप्ते भरीत राहिला वा मेला, एवढेच पुरेसे. स्नेह्यांच्या मनात स्नेह होता ह्यात शंका नाही, पण कागदाची रचना ही अशी होती. धोका चित्रपटाचा, आणि तो पत्करला कोणी? सरस्वतीबाई फाळके आणि त्यांची मुले यांनी.

१ फेब्रुवारी १९१२ रोजी फाळके लंडनला निघाले. तेथे ‘बायोस्कोप’ नावाच्या चित्रपटविषयक साप्ताहिकाची पाटी पाहून ते सरळ आत शिरले आणि संपादकास भेटले. विलायतेतही ह्या धंद्यात अनेकांचे दिवाळे वाजले आहे, तुम्ही ह्यात पडू नका, असा त्या गृहस्थाचा पहिला सल्ला होता. परंतु पाहुण्याचा हट्ट व ज्ञान पाहून तोच त्यांस सेसिल हेपवर्थ या निर्मात्याकडे वॉल्टन येथील स्टुडिओत घेऊन गेला. हेपवर्थने आपला कारखाना आतून-बाहेरून दाखविला. पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा घेऊन, छिद्रे पाडण्याचे यंत्र व कोडॅकची कच्ची फिल्म मागवून फाळके १ एप्रिलला मुंबईस परत आले. प्रतिस्पर्ध्यास धंद्याची गुह्ये अशी खुली करून दाखविणारा मनुष्य आपल्या बाजारपेठेत मिळाला असता काय, हा प्रश्न आमच्या मनात येऊन गेला. तो तसाच सोडून देतो.

कॅमेरा आला आणि पैसा संपला. कथापट काढावयाचा तर नट, कपडे, पडदे, रसायने, बाहेरगावचा मुक्काम, सहा-सात महिने माणसांचे जेवणखाण, हे सर्व आले. पुन्हा धनिकांच्या पायऱ्या झिजविणे आले. येथे फाळक्यांनी जी युक्ती केली ती आजच्या व्यवस्थापनशास्त्राच्या पदवीधरांनीही ध्यानात घ्यावी. त्यांनी भाषणे केली नाहीत की अंदाजपत्रके वाटली नाहीत. एका कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभर ठराविक अंतराने एकेक चित्र घेतले. मग पडद्यावर लोकांनी पाहिले की बी फुटते आहे, अंकुर वर येतो आहे, वेल आधारास विळखा घालीत चढतो आहे, आणि हे सर्व जेमतेम एका मिनिटात! ‘अंकुराची वाढ’ ह्या नावाने हा तुकडा पुढे प्रसिद्ध झाला. निवडक मंडळींस तो दाखविल्यावर नाडकर्णी व नारायणराव देवहारे हे रक्कम देण्यास तयार झाले. मूठभर वाटाणे आणि थोडी फिल्म एवढ्या खर्चात त्यांनी सिद्ध करून दाखविले की यंत्र चालते, फिल्म धुता येते आणि हा मनुष्य महिनाभर एका जागी धीर धरून बसू शकतो. आमच्या मते तिसरी गोष्ट पाहूनच पैसा मिळाला असावा.

तरीही तो पुरला नाही, आणि सरस्वतीबाईंचे दागिने गेले. चरित्रांतून हा प्रसंग त्यागाचे उदाहरण म्हणून एका वाक्यात उरकला जातो. त्या माऊलीचे श्रम तेवढ्याने सांगून होत नाहीत. विलायतेहून आलेली फिल्म अखंड असे. तिच्या कडेची छिद्रे अंधाऱ्या खोलीत, चाचपडत, एकेक करून पाडावी लागत, आणि ते काम सरस्वतीबाई करीत. फिल्म धुण्यास, रसायने मिसळण्यास त्याच हाताशी असत. आणि कारखाना तो काय, दादरच्या मुख्य रस्त्यावरील त्यांचे राहते घरच. तेथे जमलेल्या सर्व माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याच अंगावर. आजच्या हिशेबाने पाहिल्यास ह्या धंद्यातील सर्वांत मोठा भाग त्यांचा ठरेल: विम्याचा हक्क त्यांचा, स्त्रीधन त्यांचे आणि श्रमही त्यांचे. कोणत्याही भागीदारीपत्रात त्यांचे नाव लागल्याचे मात्र आमच्या वाचनात नाही.

पुढची कथा परिचित आहे. स्त्रीभूमिकेसाठी कोणी स्त्री मिळेना, तेव्हा ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहातील आचारी साळुंके यांस तारामती करण्यात आले. दाबके हरिश्चंद्र झाले आणि रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. चित्रपटात काम करतो म्हटले तर लोक नावे ठेवीत, म्हणून ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत’ काम करतो असे सांगावे, अशी नटांस सूचना होती. सहा महिने सत्तावीस दिवसांत सुमारे ३,७०० फूट लांबीचा पट तयार झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांस तो दाखविला गेला आणि ३ मे रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये सर्वांसाठी खुला झाला. मुंबईने तो डोक्यावर घेतला. सुरतेस पहिल्या दिवशी गल्ल्यात अवघे तीन रुपये पडले, असे सांगतात. सहा-सहा तास नाटक पाहण्याची सवय असलेल्या प्रेक्षकांस दीड तासाचा खेळ महाग वाटे. तेव्हा एवढ्या पैशात हजारो छायाचित्रे पाहा, अशी जाहिरात फाळक्यांनी केली आणि गर्दी लोटली!

यशाने भांडवलाचा प्रश्न सुटेल असे वाटते. तो सुटला नाही. १९१३ सालीच ते नाशिकला गेले, ‘मोहिनी भस्मासुर’ व ‘सत्यवान सावित्री’ काढले, आणि १९१४ साली हे पट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तेथे कौतुक झाले. हेपवर्थने मोठ्या वेतनावर व नफ्यातील भागावर तेथेच राहून हिंदी चित्रपट काढण्याचे सुचविले. फाळक्यांनी नकार दिला. हा धंदा आपल्या देशातच रुजावयास हवा, असा त्यांचा आग्रह होता. परत येतात तो महायुद्ध पेटलेले. पैसा देणाऱ्यांनी हात आखडता घेतला. तीन यशस्वी चित्रपट पाठीशी असलेल्या माणसास पुन्हा दारोदार फिरावे लागले. त्यांच्या उद्योगाची मर्यादित कंपनी करण्याचा प्रयत्न लोकमान्य टिळकांनी व मुंबईच्या काही धनिकांनी केला, पण तो तडीस गेला नाही.

१९१७ साली ‘लंकादहन’ आला. त्यात साळुंक्यांनीच राम व सीता ह्या दोन्ही भूमिका केल्या होत्या. तिकिटांचा खुर्दा बैलगाडीतून, पोलिसांच्या पहाऱ्यात न्यावा लागला, अशी आख्यायिका आहे. मग मात्र धनिक आपण होऊन आले. १ जानेवारी १९१८ रोजी ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ स्थापन झाली. वामन श्रीधर आपटे, मायाशंकर भट आदी मंडळी भांडवलाचे भागीदार आणि फाळके कामाचे भागीदार. ‘श्रीकृष्णजन्म’ व ‘कालिया मर्दन’ हे पट आले. त्यांत कृष्ण झाली ती त्यांची कन्या मंदाकिनी. पैसा मुबलक, प्रेक्षक मुबलक. आणि वर्ष-दोन वर्षांतच फाळके कंपनी सोडून काशीस गेले.

ह्या फुटीबद्दल लिहिणारे बहुतेक सर्व फाळक्यांच्या बाजूने लिहितात. कलावंत थोर आणि भागीदार कंजूष, असा तो सूर असतो. आम्हांस तो पटत नाही. ज्याने पैसा घातला त्यास चित्रपटास किती दिवस लागणार, किती खर्च होणार हे विचारण्याचा अधिकार आहे. किर्द-खतावणी मागणे म्हणजे अविश्वास नव्हे. उलट फाळक्यांचीही अडचण खरी होती. जो मनुष्य पाच वर्षे स्वतःचे मरण आणि बायकोचे दागिने तारण ठेवून काम करीत आला, त्यास दुसऱ्याच्या सहीवाचून खर्च करता येत नाही ही स्थिती सोसवत नाही. आरंभी त्याने सर्व धोका एकट्याने पत्करला होता. त्यामुळे सर्व निर्णय एकट्याचे, ही सवय जडली. पहिल्याच पटात भागीदार धोक्यासह आले असते, तर ही सवय जडती ना. उशिरा आलेला पैसा असा महाग पडतो, पैसा देणारास आणि घेणारासही.

काशीस त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. पुढे आपट्यांनीच त्यांस परत बोलाविले आणि ते पगारावर काम करू लागले. स्वतः स्थापन केलेल्या धंद्यात पगारदार! १९३१ साली ‘आलम आरा’ने बोलपटाचे युग सुरू केले तेव्हा त्यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून पैशाच्या तंगीत रखडला होता; त्यास मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला त्यांचा एकमेव खरा बोलपट. तो शेवटचा ठरला. दुसऱ्या महायुद्धात चित्रपट काढण्यास सरकारी परवाना लागे. वृद्धापकाळी त्यांनी तोही मागितला होता, मिळाला नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचा अंत झाला.

आता कोणी विचारील की, त्या काळी ह्याहून वेगळे काही शक्य होते काय? होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरास आरंभी गिऱ्हाईक मिळत नव्हते. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. बेळगावची जागा सोडण्याची पाळी आली तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिले, कर्जाऊ रक्कमही दिली, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. तेथे धनको बुडण्यास तयार होता, एवढाच फरक. पण प्रत्येकास संस्थानिक कोठून मिळावा?

दुसरे उदाहरण आपल्यास अधिक जवळचे आहे. १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला आणि १९०६ च्या डिसेंबरात मुंबईच्या चित्रापूर सारस्वत ज्ञातीतील श्रीपाद सुब्बराव तालमकी यांनी आपले गुरू शामराव विठ्ठल कैकिणी यांच्या नावाने पतपेढी काढली. एका लहान ज्ञातीने थोडे थोडे पैसे एकत्र करून आपल्याच गरजू कुटुंबांस सावकारापासून सोडविले. तीच संस्था पुढे मोठी बँक झाली. फाळके लंडनला निघाले तेव्हा तिला पाच वर्षे होऊन गेली होती. मात्र पतपेढी कर्ज देते ते जामिनांवर, नोकरीच्या पगारावर, ठराविक हप्त्याने फेडण्याच्या बोलीवर. वाटाण्याच्या वेलावर तिला देता येत नाही, आणि ठेवी लोकांच्या असल्यामुळे तिने देऊही नये. गेल्या वर्षीच्या वयोवृद्ध सभासदांच्या म्हणण्यात एवढे तथ्य आम्ही आनंदाने मान्य करतो. ज्याला बुडणे परवडते असाच पैसा ह्या कामी हवा, आणि तो निराळ्या थैलीत हवा.

एक घरगुती गोष्ट सांगण्याची परवानगी वाचक देतील काय? आमच्या एका चुलत आजोबांनी स्वदेशीच्या दिवसांत शाईचा कारखाना काढला होता. शाई कागदावर पसरे, दौतीत साका बसे. दोन वर्षांत सर्व आटोपले. वडिलोपार्जित घराचा एक सोपा त्यात विकावा लागला. आम्ही लहान असताना त्या सोप्याच्या भिंतीकडे बोट दाखवून विचारले, तर वडीलमंडळी गप्प बसत. आजोबांचे नाव घरात कोणी घेत नसे. श्राद्धाच्या दिवशी तेवढे ते ऐकू येई. त्यांनी शाई कशी केली, कोणते द्रव्य चुकले, हे कोणास विचारावे तर सांगणारा उरला नव्हता. पैसा तर गेलाच, आणि त्या पैशाने विकत घेतलेले ज्ञानही गेले. अशी नावे आपल्यापैकी पुष्कळ घरांत असतील.

ठरावासंबंधी आमची सूचना अशी: मूळ निधीस हात न लावता इच्छुक सभासदांच्या वेगळ्या वर्गणीतून एक लहान थैली करावी. तीतून दिलेली रक्कम बुडाली तरी वर्गणीदारांनी तक्रार करू नये. लाभ झाला तर त्यात थैलीचा भाग असावा. पहिला हप्ता लहान, म्हणजे वाटाण्याची कुंडी दाखविण्यापुरता द्यावा. धंदा मोडलाच तर हिशेबासह काय चुकले ते ह्याच स्मरणिकेत, नाव देऊन वा न देता, छापावे.

ह्या कामी चिटणिसांनी जुन्या कर्जाच्या अर्जाचा नमुना आमच्याकडे पाठविला होता. त्यात ‘तारणाचा तपशील’ ह्या सदराखाली स्थावर, रोखे, विमा यांच्या खालोखाल ‘पत्नीचे दागिने’ अशी ओळ छापलेली आहे. नव्या थैलीचा अर्ज छापावयास देण्यापूर्वी ती ओळ आणि तिच्यावरची विम्याची ओळ, अशा दोन्ही खोडाव्यात, असे आम्ही त्यांस लेखी कळविले आहे.